दुबईला बिऱ्हाड थाटताना

लग्नाचा दाखला 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून ठेवू नकोस. राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, एवढं भारतातच उरकून ये. त्याशिवाय नवऱ्याला तुझा व्हिसा काढता येणार नाही. लग्नाचा अल्बम तिथे चालत नाही! शिवाय त्याचा पगार निदान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि राहायची सोय.

घरभाडं पुढच्या तारखांच्या चेकांनी द्यायचं असतं. चेक कमी दिलेस तर भाड्यात घासाघीस करता येते. शारजात घर स्वस्त मिळतं खरं, पण दोघांचंही ऑफिस दुबईत असेल तर सकाळचा ट्रॅफिक जीव काढतो. मी तरी करामा किंवा बर दुबईच सुचवीन, आपलं वाणसामान पायी जाऊन आणता येतं.

सासूबाई लाडू, मसाले बांधून देतील. त्यात खसखस नाही ना, हे संकोच न करता विचार. इथे तिच्यावर बंदी आहे, अमली पदार्थांत धरतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही बॅगेत नको.

आणि हो, नवऱ्याच्या व्हिसावर असलीस तरी नोकरी करता येते. कंपनीने वर्क परमिट काढायला हवं, इतकंच. करमायचं म्हणशील, तर ते होतं हळूहळू.