नागिणीचा वेढा पुरा का होत नाही

प्रश्न : मुलगी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. अ‍ॅनाटॉमीच्या अंतर्गत परीक्षेत छातीच्या नसांवर अडकून नापास झाली. फिजिओला एवढ्या नसा कशाला? दोनदा नीट दिली आहे, तिसऱ्यांदा बसवून एमबीबीएसच करावं का?
– एक वडील, सातपूर, नाशिक

उत्तर : दादा, मार्कांचं नंतर बघू. मुलीला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला काळजी त्याची वाटते. तिला न विचारता तिसरी नीट ठरवू नका. बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेशही नीटवरच होतो आणि तो तिने मिळवला आहे. नियमांची शंका असेल तर आरोग्य विद्यापीठ नाशकातच, म्हसरूळला आहे.

'फिजिओला नसा कशाला' हा समज मात्र घातक आहे. थोरॅसिक म्हणजे छातीच्या नसांच्या डाव्या-उजव्या १२ जोड्या. प्रत्येक नस आपल्याच क्रमांकाच्या मणक्याखालून निघून बरगडीच्या कडेने पुढे येते आणि शरीराच्या मध्यरेषेशी संपते. नागिणीचं (हर्पिस झोस्टरचं) पुरळ सहसा अशा एकाच बाजूच्या नसेच्या वाटेवर उठतं, म्हणूनच तिचा पट्टा सहसा अर्ध्यावर थांबतो. 'तोंड-शेपटी जुळली की माणूस जातो' ही नुसती भीती. पण पुरळ उठण्याआधी काही दिवस फक्त दुखतं. तेव्हा पेशंट 'पाठीत उसण भरली' म्हणत फिजिओकडेच येतो. तिथे नुसता शेक मिळाला, तर पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हवं ते औषध लांबतं.

दुसरं उदाहरण याहून गंभीर. मज्जारज्जूला सहाव्या थोरॅसिक पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्या पेशंटचं व्यायामात अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर बीपी भडकलेलं असू शकतं. त्याला आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवीची नळी दुमडली का बघायचं, लगेच डॉक्टरांना बोलवायचं. पातळी माहीत नसेल तर हे सुचणार कसं?

या धड्यात मुलं बहुतेक एकाच जागी चुकतात. नाभीच्या त्वचेला दहावी थोरॅसिक नस, पण नाभीच्या थेट मागे मणका कमरेचा, तिसरा-चौथा. नसा बरगड्यांबरोबर तिरक्या खाली उतरतात, हे सपाट चित्रावरून कळत नाही. अंगावर रेघा काढाव्या लागतात. छातीच्या मधल्या हाडावर, गळ्याच्या खळग्याखाली चार-पाच सेंटीमीटरवर, आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी. तिथून मोजायचं. चौथी नस स्तनाग्रापाशी, दहावी नाभीपाशी.

रविवारी शर्ट काढून बसा आणि तिला मार्करने तुमच्या पाठीपासून पोटापर्यंत रेघा ओढू द्या. तेवढा वेळ नीटचं नाव काढू नका.