पाश्चर यांच्या हातातल्या बरणीत काय आहे?

प्रश्न : लुई पाश्चर प्रयोगशाळेत उभे राहून हातातली काचेची बरणी निरखून पाहत आहेत, हे चित्र अनेकदा छापले जाते. बरणीत काहीतरी लोंबताना दिसते. ते काय आहे, की चित्रकाराने शोभेसाठी दाखवले?

उत्तर : शोभेसाठी मुळीच नाही. चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील तोच आहे. फिनलंडचे चित्रकार आल्बेर्ट एडेलफेल्ट यांनी हे तैलचित्र १८८५ मध्ये रंगवले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. बरणीत लोंबतोय तो रेबीजने मेलेल्या सशाच्या मज्जारज्जूचा तुकडा.

रेबीजचा विषाणू एका सशाच्या मेंदूतून दुसऱ्या सशात असा नेत नेत पाश्चर यांनी इतका पक्का केला होता, की तो टोचलेला ससा ठरून सातव्या दिवशी आजारी पडे. अशा सशाचा मज्जारज्जू काढून काही सेंटिमीटर लांबीचे तुकडे करायचे आणि बरणीत टांगायचे. तळाशी कॉस्टिक पोटॅशचे खडे असत. ते हवेतला ओलावा शोषून घेत. हवा खेळती राहावी, पण जंतू आत शिरू नयेत, म्हणून तोंडाला कापसाचा बोळा. तुकडा जसजसा वाळे तसतसा त्याचा जोर उतरे आणि साधारण दोन आठवड्यांत संपे.

यात चुकायला जागा पुष्कळ. तुकडा जाड असला तर जोर हळू उतरतो, थंडी असली तरीही तेच. ओलसर तुकडा हवेशिवाय कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवला, तर त्याचा जोर कित्येक महिने टिकतो. हवा दमट राहिली आणि बाहेरचे जंतू शिरले तर तुकडा कुजतो. म्हणून रोज नव्या बरणीत एक ताजा तुकडा टांगला जाई. अशा ओळीने ठेवलेल्या बरण्यांतून हव्या तितक्या दिवसांचा तुकडा केव्हाही मिळे.

हे वाळवलेले तुकडे म्हणजेच पाश्चर यांची रेबीजवरची लस. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ६ जुलै १८८५ रोजी पहिली टोचणी पंधरा दिवस वाळवलेल्या तुकड्याची दिली. तुकडा निर्जंतुक रश्शात घोटून ते पाणी पोटाच्या कातडीखाली टोचले. पाश्चर डॉक्टर नव्हते. सुई धरली डॉ. ग्रांशे यांनी. दहा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या, दर वेळी अधिक ताज्या तुकड्याच्या, आणि शेवटची अवघ्या एक दिवसाच्या तुकड्याची. तेच द्रव सशांनाही टोचून पाहिले होते. पहिल्या पाच दिवसांचे निरुपद्रवी निघाले, ११ जुलैपासूनचे मात्र मारक. मुलगा वाचला. त्या शेवटच्या टोचणीमागे केवढा धोका पत्करला होता, हे या आकड्यांवरून कळते.

प्रश्न : मग आपल्याकडची पोटातली चौदा इंजेक्शने याच पद्धतीची का?

उत्तर : घराणे तेच, पण कृती वेगळी. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौलीला जी लस केली, ती भारतात पुढे मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. त्यातला विषाणू वाळवून कमजोर करण्याऐवजी फिनॉल या रसायनाने मारलेला असे. दोष मात्र मेंदूच्या ऊतीतच होता. तिच्याविरुद्ध शरीर प्रतिक्रिया देई आणि क्वचित रुग्णाला पक्षाघात होई. ही लस आपल्याकडे २००५च्या सुमारास बंद झाली. आताची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते आणि दंडात देतात. कुत्रा चावल्यावर आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, मग लगेच दवाखाना गाठा.