डॅशबोर्डापर्यंत पाण्यात बुडालेली गाडी दुरुस्त करावी की आहे तशी विकावी?

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. पुण्यातील सोसायटीच्या तळघरात पाणी शिरले आणि आपली सहा वर्षांची, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी रात्रभर डॅशबोर्डापर्यंत पाण्यात उभी होती. विम्यातील आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ३,८०,००० रुपये आहे, झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा न कापणारे जादा कवच) घेतलेले नाही आणि बँकेचे ६०,००० रुपये फिटायचे आहेत. सर्व्हिस सेंटरने ३,१०,००० रुपयांचे एस्टिमेट लेखी दिले आहे, पण तोंडी मात्र ‘२,८०,००० मध्ये बसवून देतो, गाडी नव्यासारखी होईल’ असे सांगितले आहे. शिवाय एक डीलर आहे त्या स्थितीत ७०,००० रुपये रोख द्यायला तयार आहे. माझ्या मते आपण गाडी दुरुस्त करू नये आणि त्या डीलरलाही देऊ नये. ती टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसानीची, ठरवून घेऊन विमा कंपनीच्या हवाली करावी. हे मत ठाम असण्याचे कारण म्हणजे चार पैसे वाचतील या आशेने मी स्वतः नेमके उलटे केले होते.

सर्वप्रथम त्या २,८०,००० च्या आकड्याकडे नीट पाहावे. बहुतेक मोटार पॉलिसींच्या अटींमध्ये असे कलम असते की गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती गाडी पूर्ण नुकसानीची, म्हणजेच ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरली जाते. आपल्या ३,८०,००० चे ७५ टक्के म्हणजे २,८५,०००. लेखी एस्टिमेट ही रेषा ओलांडते आणि तोंडी आकडा तिच्या बरोबर पाच हजार खाली येऊन बसतो. सर्व्हिस सेंटरला दुरुस्तीचे काम हवे असते आणि गाडी टोटल लॉस झाली तर त्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. त्यात कोणाचा दुष्टावा असतोच असे मी म्हणत नाही. पण तो आकडा कोणाच्या सोयीचा आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

आता माझा अनुभव सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा माझी २०१६ साली घेतलेली हॅचबॅक घरासमोर उभी होती आणि पाणी स्टिअरिंगच्या वर गेले होते. आयडीव्ही ४,१०,००० होती, म्हणजे ७५ टक्क्यांची रेषा ३,०७,५०० वर येत होती. वर्कशॉपने गाडी न खोलता, केवळ वरवर पाहून २,६०,००० चे एस्टिमेट केले, आणि त्या दिवसांत गावभर चिखल उपसण्याचे काम चालू असल्यामुळे मीही फारसा विचार न करता ‘कामाला लागा’ म्हणून सही करून दिली. पुढे सीट काढल्या आणि गालिचा उचलला, तेव्हा मी तिथेच उभा होतो. गालिच्याखालचे जाड नमद्यासारखे अस्तर आठव्या दिवशीही पिळल्यावर तांबडे पाणी गाळत होते आणि त्याच्याखालून जाणाऱ्या वायरिंगचा एक कनेक्टर मिस्त्रीने उघडून दाखवला, तर आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मग पूरक एस्टिमेट आले: वायरिंगचा पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, ३८,००० आणि एअरबॅगचे कंट्रोल युनिट २२,०००. एकूण आकडा ३,२०,००० वर गेला, म्हणजे रेषेच्या पलीकडे. परंतु तोवर इंजिन खोलून झाले होते, निम्मे सुटे भाग आले होते आणि माझी सही कागदावर होती, त्यामुळे मागे फिरणे कोणालाच सोयीचे उरले नव्हते. विम्यातून सुमारे दोन लाख मिळाले, उरलेले १,२०,००० मी भरले आणि साडेतीन महिने गाडीविना काढले.

दुरुस्तीनंतर गाडी वर्षभर बरी चालली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यानंतर मात्र तिने अंगातले पाणी दाखवायला सुरुवात केली. आधी एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, मग उजव्या बाजूच्या काचा अधूनमधून खाली उतरेनाशा झाल्या, आणि एका पावसाळी रात्री दोन वाजता हॉर्न आपोआप वाजायला लागला तो बॅटरीची तार सोडेपर्यंत थांबला नाही. शेजारच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी चौकशी केली, ती गाडीची नव्हे, माझ्या झोपेची! शेवटी गाडी पुरात बुडाली होती हे सांगून मी ती १,६०,००० रुपयांना दिली.

पाण्याने गाडीचे काय बिघडते हे थोडे समजून घेतले की निर्णय सोपा होतो. इंजिनाची भीती सर्वांना वाटते, पण खरे पाहता इंजिन हा भाग खोलून, धुऊन, पुन्हा बसवता येतो. इंजिन हमखास मरते ते पाणी आत असताना चावी फिरवल्यामुळे. पाणी दाबले जात नाही, पिस्टन वर येताना त्याला जागा उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा नुकसानीला विमा कंपन्या परिणामजन्य नुकसान म्हणतात आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घेतलेले नसेल, तर ते देण्यास सहसा नकार देतात. म्हणून आपण किंवा सोसायटीच्या वॉचमनने गाडी सुरू करून पाहिली होती का, हे आपल्याला विचारले जाईल. जे घडले असेल तेच सांगावे. खरी चिवट दुखणी विजेच्या जोडण्यांची असतात. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे कंट्रोल युनिट दोन पुढच्या सीटांच्या मधल्या कन्सोलखाली, जवळपास जमिनीलगत असते, स्टिअरिंगची विजेची मोटर अनेक मॉडेलांत डॅशबोर्डाखालीच असते, आणि सगळ्यांना जोडणारा हार्नेस गालिच्याखालून जातो. डॅशबोर्डापर्यंत पाणी म्हणजे हे सर्व पाण्याखाली. शहरातल्या तळघरात साचणारे पाणी बहुधा गटाराचे असते, ते पावसाच्या पाण्याइतके निरुपद्रवी नसते.

याउलट, त्याच पुरात माझ्या मावसभावाच्या गाडीत पाणी फक्त गालिच्यापर्यंत आले होते. त्याने दुसऱ्याच दिवशी बॅटरीची तार सोडली, सीट आणि गालिचा बाहेर काढून अस्तर फेकून दिले, सर्व कनेक्टर उघडून साफ करून घेतले आणि इंजिन ऑइल व गिअर ऑइल बदलले. ती गाडी आजही रोज चिपळूणजवळच्या खेर्डीला जाते-येते. तेव्हा ‘बुडालेली गाडी कधीच दुरुस्त करू नये’ असे सरसकट मी म्हणणार नाही. पाणी सीटच्या बैठकीच्या खाली राहिले असेल आणि गाडी दोन-तीन दिवसांत खोलली गेली असेल, तर दुरुस्ती करण्यात अर्थ असतो. आपल्या गाडीबाबत या दोन्ही गोष्टी झालेल्या नाहीत.

आता आपले हिशेब मांडू. गाडी टोटल लॉस ठरली, तर सुट्या भागांवरील घसारा लागू होत नाही. आयडीव्हीतून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला असणारी १,००० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन ३,७९,००० उरतात. त्यातून आधी बँकेचे ६०,००० वळते होतील आणि आपल्या हाती सुमारे ३,१९,००० येतील. दुरुस्तीचा मार्ग धरला, तर झिरो डेप नसल्यामुळे प्लॅस्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर निम्मा, तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो. मजुरीवर असा घसारा नसतो हे धरूनही, माझ्या अंदाजाने लाख-सव्वा लाख आपल्याच खिशातून जातील. एवढे करून उभी राहिलेली गाडी पुढे विकताना, ती पाण्यात होती हे सांगितल्यावर, दोन-सव्वादोन लाखांपलीकडे कोणी जाईल असे मला वाटत नाही, आणि कर्ज तर तसेच डोक्यावर राहील. डीलरच्या ७०,००० बद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. विम्याचा हक्क सोडून ते घेणे म्हणजे बँकेचे पैसे फेडून दहा हजारांत गाडी देऊन टाकणे होय.

एक चौथा मार्ग विमा कंपनी किंवा नुकसान तपासणारा सर्व्हेअर आपल्यापुढे ठेवू शकतो, त्याला ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’ म्हणतात. यात कंपनी आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून पैसे देते आणि गाडीचा सांगाडा आपल्याकडेच राहतो. समजा ती किंमत ९०,००० धरली आणि डीलर ७०,००० वरच अडला, तर वीस हजार आपले गेले आणि सांगाडा विकण्याची कटकट गळ्यात पडली. सांगाड्याला त्याहून जास्त देणारा ग्राहक, लेखी बोलीसह, आधीच हाताशी असेल तरच हा मार्ग पाहावा.

त्या कटकटीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथे लोक सर्वाधिक बेसावध असतात. बुडालेल्या गाडीत डीलरला अनेकदा यंत्रापेक्षा आरसी आणि चासी नंबर मोलाचे वाटतात; चोरीच्या गाडीवर भंगारातल्या गाडीचा नंबर चढवण्याचे प्रकार पोलिसांनी वेळोवेळी उघडकीस आणले आहेत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन ‘ट्रान्सफर आम्ही करून घेऊ’ असे सांगणाऱ्याला गाडी दिली, तर आरटीओच्या नोंदीत मालक आपणच राहता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की गाडी विकली असली तरी नोंदीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. गाडी विमा कंपनीमार्फत लिलावात गेली तरी हे लागू आहे. म्हणून ताबा देताना खरेदीदाराचे नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत, तारीख आणि वेळ असलेली ताबापावती घ्यावी आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. गाडी रस्त्यावर पुन्हा येणारच नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी रद्द करून घेणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल. बँकेला आजच पत्र दिलेत तर पुढचे पंधरा दिवस वाचतील.

या आठवड्यात करायच्या कामांत मात्र उशीर नको. ‘दुरुस्तीस मंजुरी’ असे लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये. विमा कंपनीच्या परवानाधारक सर्व्हेअरसमोर सीट व गालिचा काढून गाडी खोलण्याचा आग्रह धरावा. खोलण्याची मजुरी कोण देणार हे आधी लेखी ठरवून घ्यावे. त्या वेळी आपण स्वतः हजर राहून डॅशबोर्डावरील पाण्याची रेघ, एअर फिल्टर, डिपस्टिकवरील तेलाचा रंग आणि कनेक्टरच्या पिना यांचे फोटो काढावेत. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर इंजिनात पाणी गेले आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. सर्व्हिस सेंटरकडून हार्नेस आणि सर्व कंट्रोल युनिटे धरून केलेले पूर्ण एस्टिमेट, भाग क्रमांकांसह, मागून घ्यावे. ‘हे नंतर पाहू’ या सदरात ढकललेली प्रत्येक वस्तू उद्या आपल्या खिशातून येणार असते. मंजुरी लांबली तर काही ठिकाणी गाडी उभी ठेवण्याचे रोजचे भाडे लावतात, तेही विचारून ठेवावे.

एवढे करूनही कंपनीने दुरुस्तीचाच हेका धरला, तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे, तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही करावा लागत नाही. माझ्या वेळी माझी सही आधीच झालेली असल्याने तक्रारीत दम उरला नव्हता. आपली अजून झालेली नाही.