अपडेट मारलं आणि सगळंच पडायला लागलं

प्रश्न: राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड असली कामं. मशीनवर उबुंटू (लिनक्स सिस्टीम) आहे. काल सकाळी अपडेट मारलं, तेव्हापासनं इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेची फाईल उघडली की गपकन बंद होतंय, लिब्रेऑफिसचंही तेच. इंकस्केप तीनदा काढून परत टाकलं, फरक शून्य. अपडेटच्या वेळी पानं मांडायचं सॉफ्टवेअर स्क्राइबस उघडंच होतं, ते दुपारपर्यंत मस्त चाललं, जेवून येऊन बंद करून उघडलं तर तेही गेलं. फायरफॉक्समध्ये मात्र मराठी नीट दिसतंय. मागं नवं व्हर्जन हवं म्हणून बाहेरची एक रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथनं उतरतं ते ठिकाण) जोडलेली. आता अपडेट कायमचे बंदच करू का? चार पत्रिका अडकल्यात.

उत्तर: तुम्ही स्क्राइबसचं लिहिलंत ते फार बरं केलंत, सगळं उत्तर त्यातच आहे. ही सगळी सॉफ्टवेअर काही कामं स्वतः करत नाहीत, सिस्टीममधल्या सामाईक लायब्ररीकडनं, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या तयार कोडकडनं, करून घेतात. गल्लीची चटणी एकाच कांडपावर होते, तिथंच मीठ जास्त पडलं तर घरोघरचा रस्सा खारट, मग पातेलं बदलून काय उपयोग? तुम्ही तीनदा पातेलंच बदललंत. आणि चालू असलेला प्रोग्राम जुनी लायब्ररी मेमरीत धरून ठेवतो, अपडेटनं डिस्कवर नवी फाईल आली तरी तो बंद होईपर्यंत जुनीच वापरतो, म्हणून स्क्राइबस दुपारपर्यंत तगलं.

माझा संशय हार्फबझवर आहे. जोडाक्षरं, वेलांट्या जागेवर बसवायचं काम हीच लायब्ररी करते आणि तुमची तिन्ही सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतात. फायरफॉक्स स्वतःची वेगळी कॉपी घेऊन फिरतो म्हणून तो वाचला. पण संशयावर काही उपटू नका, आधी खात्री करा. इंकस्केप पाडा आणि लगेच टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) सुडो लावून डीमेसेज (sudo dmesg) चालवा, त्यात सिस्टीमच्या नोंदी दिसतात, शेवटच्या ओळींत सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीनं प्रोग्राम पडणं) असं येईल आणि कुठल्या लायब्ररीत पडलं तिचं नावही. आता हे लक्षात घ्या, जिथं पडलं तीच दोषी असेल असं नसतंय, कधीकधी दुसऱ्यानं चुकीचा डेटा दिलेला असतो आणि मरते ही. म्हणून एपीटीच्या (उबुंटूत पॅकेजेस टाकणारं, काढणारं साधन) हिस्टरी लॉगमध्ये कालची तारीख काढून तीच लायब्ररी बदललीय का ते जुळवा. मग एपीटी पॉलिसीला त्या पॅकेजचं नाव द्या, कुठलं व्हर्जन कुठनं आलंय ते सगळं दिसतंय.

बाहेरच्या रिपॉझिटरीतनं आलेलं निघालं, आणि मला तसंच वाटतंय, तर पीपीए-पर्ज वापरा, ते रिपॉझिटरी बंद करून तिची पॅकेजेस उबुंटूच्या मूळ व्हर्जनवर आणतंय (रिपॉझिटरी पीपीए, म्हणजे लाँचपॅडवर कुणीतरी स्वतः चालवलेली, असली तरच हं). हातानं करणार असाल तर आधी रिपॉझिटरी बंद करा, मग हार्फबझ आणि तिची हार्फबझ-आयसीयू वगैरे भावंडं पॅकेजेस एकाच कमांडमध्ये जुन्या व्हर्जनवर न्या, ती एकमेकांचं अगदी तेच व्हर्जन मागतात, एकटीला नेलं की एपीटी अडून बसतंय. आणि कृपा करून नेटवरनं सुटी एसओ फाईल (लायब्ररीची .so फाईल) उतरवून सिस्टीमच्या फोल्डरात टाकू नका, त्यानं आज चाललं तरी पुढच्या अपडेटला लई मोठा घोळ होतो.

अपडेट बंद? अजिबात नको. त्यातनंच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात आणि तुमच्या मशीनवर गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर असतात. काम अंगावर असताना, सॉफ्टवेअर उघडं ठेवून अपडेट मारू नका, रात्री दुकान आवरताना मारा आणि मशीन रीस्टार्ट करून एक पत्रिका उघडून बघा. आत्ताही दुरुस्ती झाली की रीस्टार्ट करून तसंच बघा, ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ची जोडाक्षरं नीट जुळून आली की मगच प्रिंटला पाठवा. आणि ती सेगफॉल्टची ओळ त्या रिपॉझिटरीवाल्यांना नक्की कळवा, त्यांना त्यावरनंच चूक शोधता येते.