वॉरंटी संपून २३ दिवस आणि लॅपटॉप डेड: ४१ हजार भरायच्या आधी थांबा

ताई, वॉरंटी संपून २३ दिवसांनी लॅपटॉप बंद पडला अन सर्व्हिस सेंटरनं ४१ हजार सांगितले असं तुम्ही लिहिलंत, तर आधी एक सांगा, हे २३ दिवस तुम्ही कुठून मोजले? दुकानाच्या बिलावरून, का कंपनीच्या साईटवर सिरियल नंबर टाकल्यावर जी तारीख आली तिच्यावरून? तुम्ही लिहिलंय की "साईटवर एक्स्पायर्ड दाखवायलंय", म्हणून विचारायलोय.

कारण साईटवरची तारीख पुष्कळदा कंपनीनं माल पुढं डिस्ट्रिब्युटरला पाठवला तिथून धरलेली असते. आता तो लॅपटॉप भिवंडीच्या गोडाऊनमधून निघणार, संभाजीनगरला येणार, तिथून परभणीच्या दुकानात, दुकानात काचेच्या कपाटात दीड-दोन महिने पडून राहणार आणि मग सेलूला तुमच्या घरी. ते मधले दिवस तुमच्या वॉरंटीतून कशाला जावेत? पक्कं जीएसटीचं बिल असेल, त्याच्यावर सिरियल नंबर छापलेला असेल तर त्याची कॉपी पाठवून तारीख दुरुस्त करून मागता येते आणि बहुतेक कंपन्या ती करून देतात, माझ्याच दुकानात आलेल्या तीन-चार गिऱ्हाइकांचं असं झालंय, एकाचे तर सत्तर दिवस वाढले. तर आधी बिल शोधा. दुकानदाराकडं कॉम्प्युटरमधी निघतं, हरवलं असलं तरी घाबरू नका. "बिलाशिवाय दोन हजार कमी लावतो" म्हणून कच्च्या चिठ्ठीवर घेतला असेल तर मात्र अवघड आहे बघा.

आता बाकीचं. लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी ७२ हजारांचा घेतला, एक दिवस चार्जिंगला लावला अन सकाळी चालूच झाला नाही, सर्व्हिस सेंटरनं दहा मिनिटात "मदरबोर्ड गेला, ४१,५०० लागतील" सांगितलं, आणि तुमचा प्रश्न हा की वॉरंटी संपली की बंद पडावा म्हणून कंपनीवाले आत टायमर लावतात का. संताप येणार, येऊ द्या. वावरातले पैसे असे जायलेत म्हणल्यावर कोणालाही येईल.

मी स्वतः चार वर्षं एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काढलेत, नाव घेत नाही, आणि २०११ पासून परभणीत माझं छोटं दुकान आहे. टायमर बियमर काही नसतो. वॉरंटी संपल्यावर आठवड्यात बंद पडलेला आपल्या ध्यानात राहतो, साडेतीन वर्षांनी बंद पडलेल्याची कोणी बोंब मारत नाही, आणि वॉरंटी संपायच्या आधी आठवडाभर बंद पडला तो तर गुपचूप फुकटात रिपेअर होऊन येतो, त्याची गोष्ट कोणी कोणाला सांगतच नाही. पण म्हणून कंपनी साळसूद आहे असंही नाही. डाव आहे, फक्त तो टायमरमधी नाही, कोटेशनमधी आहे.

कसा ते सांगतो. लॅपटॉपच्या बोर्डावर अडॅप्टरकडून साधारण १९-२० व्होल्टची मेन लाईन येते आणि त्या लाईनवर तिळाएवढे सिरॅमिक कॅपॅसिटर बसवलेले असतात, एक-दोन नाही, ओळीनं. त्यातला एखादा आतून तडकला की प्लस-मायनस एक होतं, म्हणजे शॉर्ट, आणि बोर्ड पूर्ण मुका. चार्जर लावल्याबरोबर चार्जरवरचा लाईट विझतो का बघा, किंवा टाईप-सी असेल तर काहीच हालचाल नाही असं होतं का, तसं असेल तर शॉर्टिंगचीच शंका जास्त. हा शॉर्ट शोधायला आम्ही काय करतो, बोर्डाला बाहेरून एक व्होल्टच्या आसपास सप्लाय देतो आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतो, जिथलं अल्कोहोल आधी उडून जातं तो पार्ट गरम, म्हणजे तोच चोर. आता थर्मल कॅमेरे स्वस्त झालेत, त्यात तर लगेच चमकतो. तो कॅपॅसिटर पाच-दहा रुपयाचा असतो ताई. कधी मॉस्फेट म्हणजे करंट चालू-बंद करणारा बारका पार्ट, कधी चार्जिंग सांभाळणारी चिप म्हणजे आयसी, ते काही शे रुपयात. काम धरून माझ्याकडं अशा बोर्डाचे अडीच ते सहा हजार होतात. आणि तिकडं त्याच आजाराला ४१,५०० कारण त्यांच्याकडं औषध एकच, अख्खा बोर्ड. आजार म्हशीला अन इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

सर्व्हिस सेंटरच्या पोरांना शिव्या देऊ नका पण. मी होतो तेव्हा आमच्या टेबलावर सोल्डरिंगची गन ठेवायलाच परवानगी नव्हती. बोर्डाचा नकाशा आमच्याकडं नाही, सुटा आयसी कंपनी देत नाही, दिवसाला इतके कॉल क्लोज करा एवढंच वरून यायचं. बोर्ड काढ, बोर्ड टाक. बदलून येणारा बोर्ड पण दरवेळी कोरा असतोच असं नाही, कुठंतरी रिपेअर करून आलेलाच असू शकतो, आणि त्याच्यावर परत वॉरंटी बहुतेक वेळा ९० दिवसांची. म्हणजे ४१ हजार देऊन तीन महिन्यांची गॅरंटी. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला राईट टू रिपेअरचं म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं, पण मी आजही स्कीमॅटिक म्हणजे बोर्डाचा नकाशा लागला तर चिनी साईटवरून उतरवतो, खोटं कशाला बोलू.

आता माझीच एक चूक सांगतो म्हणजे तुम्ही फसणार नाही. २०११-१२ ला ग्राफिक्स चिपवाले लॅपटॉप नो-डिस्प्ले म्हणजे स्क्रीन काळी होऊन यायचे, धडाधड. आम्ही काय करायचो, हॉट एअर गननं चिपला दोन मिनिटं शेक द्यायचो, डिस्प्ले यायचा, गिऱ्हाईक खूश, दीड हजार घ्यायचो. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत दारात. गंगाखेडच्या एका मास्तरचा लॅपटॉप मी असा तीन वेळा शेकला आणि तिसऱ्या वेळी बोर्डच फुगला, पैसे परत द्यावे लागले आणि वरून बोलणी खाल्ली ती वेगळी, बरोबरच होती. नंतर कळलं की दोष चिपच्या पॅकेजिंगच्या आत होता, त्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीनं २००८ च्या जुलैमधेच कबूल करून त्यापायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते, आणि आम्ही इकडं परभणीत शेकत बसलेलो. तर कोणी म्हणालं "शेक देऊन चालू करतो, हजार रुपये द्या", तिथून लॅपटॉप उचला अन निघा. शेकलेला बोर्ड पुढं चांगल्या माणसाच्या हातात गेला तरी निम्मा मेलेला असतो.

ह्याच्यातून दुसरी गोष्ट निघते, ती तुमच्या कामाची. कधीकधी दोष खरंच पूर्ण मॉडेलमधे असतो आणि बोंबाबोंब झाल्यावर कंपनी वॉरंटी संपलेल्यांना सुद्धा फुकट रिपेअर देते. अ‍ॅपलनं मॅकबुक लॅपटॉपच्या बटरफ्लाय कीबोर्डचं असं केलं होतं, जून २०१८ मधे, पहिल्या विक्रीपासून चार वर्षं. म्हणून तुमच्या मॉडेलचा पूर्ण नंबर, खालच्या स्टिकरवरचा, टाकून बघा की असा काही प्रोग्रॅम आहे का. डब्यावरचं नुसतं नाव नाही, पूर्ण नंबर.

आता हे पण ऐकून घ्या, आपल्या बाजूचं. बहुतेक लॅपटॉपच्या कागदात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. पस्तीस! आपल्याकडं मार्चपासून दुपारी ते पार होतं, मे महिन्यात ४२-४३, अन पोरं पत्र्याच्या खोलीत गादीवर ठेवून त्याच्यावर सॉफ्टवेअर चालवायलेत. खालच्या जाळ्या गादीनं बंद, फॅनमधे सरकीच्या मोसमातला कापूस, मी उघडतो तेव्हा हिटसिंकवर नमद्यासारखा थर निघतो. आणि लाईटचं तर तुम्हाला माहिती. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, वर थोडं इकडं तिकडं सहन करतो, पण डीपीवर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात साडेतीनशे-चारशेपर्यंत जाऊ शकतं, मग अडॅप्टर आधी जातो आणि जाता जाता कधी बोर्ड घेऊन जातो. ज्या रात्री चार्जिंगला लावला त्या रात्री लाईट ये-जा झाली होती का, गल्लीत आणखी कोणाचा टीव्ही, फ्रिज जळाला का, हे आठवून बघा. पण सर्व्हिस सेंटरला हे आपणहून सांगत बसू नका, "व्होल्टेजमुळं गेला" म्हणून हात वर करतील.

अन लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार पण तुम्ही केली होती ना, ती बहुतेक वेळा चार्जरची खराबी नसते, घरात अर्थिंग नाही त्याची असते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आमच्याकडं आई दर आठवड्याला त्याच्यात घागरभर पाणी ओतायची, आम्हाला वाटायचं काहीतरी देवाचं आहे! वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधे किती व्होल्ट येतात बघायला सांगा, दोन-तीनच्या वर नकोत.

बरं, पुढं काय करायचं.

बोर्ड गेलाय असं मानायच्या आधी घरी एकदा चार्जर काढा, पॉवरचं बटन तीस-चाळीस सेकंद दाबून धरा, सोडा, मग दुसरा चालू असलेला त्याच व्होल्टचा चार्जर लावून बघा. ह्यानं उठलेले लॅपटॉप मी पाहिलेत, हसू नका. नाही उठला तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी जॉबशीट म्हणजे तपासणीचा कागद घ्या, त्यात बोर्डावर नेमकं काय खराब हे लिहून मागा. "बोर्ड फॉल्टी" एवढं नको, पाणी सांडल्याची खूण आहे का नाही हे त्यात आलंच पाहिजे, कारण पुढं सगळं त्याच्यावर अडतं. मग कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, फोन नाही, मेल. साधं लिहा की ७२ हजारांचा लॅपटॉप वॉरंटी संपून महिना व्हायच्या आत बंद पडला, लिक्विड डॅमेज नाही, एक वेळची सूट म्हणून पार्ट फ्री द्यावा. पहिल्या उत्तरात नाही म्हणतील, ते ठरलेलंच असतं, दुसरा मेल वरच्या माणसाकडं पाठवा म्हणा. कंपनीनं पार्ट फुकट दिल्याची आणि फक्त लेबर घेतल्याची दोन उदाहरणं मी बघितलीत, दोन्ही वॉरंटी संपून महिन्याच्या आतली. म्हणून उशीर करू नका.

ग्राहक आयोगाचं विचारलंत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्याच्यात तुम्ही राहता तिथं म्हणजे परभणीच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, कंपनी बेंगळुरूची असो का कुठली. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रारीचं कारण घडलं तिथून दोन वर्षांची मुदत. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा, पुष्कळ कंपन्या तिथंच नरमतात. पण खरं सांगू का, वॉरंटीनंतरच्या केसमधे दोष बनावटीतलाच होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो, ह्याला वेळ जातो आणि तोवर लॅपटॉप उघडायचा नाही. लेकीची सबमिशन आहेत म्हणता. वॉरंटीत असताना हीच तक्रार, म्हणजे मधूनच बंद पडतो, चार्ज होत नाही, अशी घेऊन तुम्ही गेला असाल आणि त्याची जॉबशीट असेल तर मात्र नक्की लढा, ती केस जड आहे. तशी नसेल तर माझं मत विचाराल तर मेलवर पंधरा दिवस जोर लावा अन नाहीच जमलं तर चिप लेव्हलवाल्याकडं, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्याच्यावरचा खराब पार्ट बदलणाऱ्याकडं जा.

चिप लेव्हलवाला निवडताना एवढंच बघा की त्याच्या टेबलावर मायक्रोस्कोप आणि डीसी सप्लाय आहे का, आणि "आधी बघतो, मग सांगतो, नाही झालं तर पैसे नाही" म्हणतो का. नांदेड, लातूर, संभाजीनगरला असे बरेच आहेत, परभणीत पण आहेत, मी माझं घोडं पुढं दामटत नाही. उघडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आणि डेटा! हे कोणी सांगत नाही. कोणी बोर्डाला हात लावायच्या आधी विंडोजची बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे डेटाला लागलेल्या कुलपाची किल्ली, काढून ठेवा, मोबाईलवरून लेकीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन केलं की सापडते, अठ्ठेचाळीस आकडी असते. बोर्ड बदलला की विंडोज ती मागतं, अन नसली की एसएसडी म्हणजे डेटाची डिस्क चांगली असून प्रोजेक्ट गेला. काही पातळ मॉडेलात तर एसएसडी बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथं बोर्ड बदलला म्हणजे डेटा त्यांच्याकडंच गेला, सही करायच्या आधी विचारून घ्या.

बिल सापडलं की त्याच्यावरची तारीख तेवढी सांगा, आणि जॉबशीटचा फोटो टाका, नाव-नंबर झाकून. चार्जर लावल्यावर लाईट विझतो का तेही बघून लिहा, म्हणजे शॉर्ट आहे का दुसरं काही ते इथूनच कळेल.