मुलुंडला घरी रेडिओवर एफएम १०० पॉइंट ७ खरखरतंय आणि पुण्याचं १०१ तर लागतच नाही, काय करू?

आधी पुण्याचं सांगतो. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्री उभा आहे, त्यामुळे १०१ च्या मागे लागू नका, पुणे ऐकायचंच असेल तर मीडियम वेव्हवर ७९२ लावा, ते रात्री जास्त लांब पोचतं.

१०० पॉइंट ७ मात्र सुधारेल, नक्की. गच्चीवर गंजत पडलेला जुना टीव्हीचा अँटेना असेल ना, त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे ७०-७० सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा, एका लाकडी पट्टीवर एकाच सरळ रेषेत, टोकासमोर टोक येईल असे बसवा, मधे बोटभर फट ठेवा, केबलवाल्याकडची साधी ७५ ओहमची वायर घ्या, आतली तार एका नळीला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या नळीला, वायरचं दुसरं टोक रेडिओच्या अँटेनाच्या जागी. जाळीचा एक केसही तारेला चिकटता कामा नये, माझं तिथेच दोन दिवस अडलं होतं.

मग पट्टी आडवी-उभी करून बघा. ग्रिलपासून लांब, शक्य तितकी उंच. सिग्नल वाढवणारा बूस्टर घेऊ नका एवढ्यात, तो खरखरही वाढवतो, आणि पावसाळ्याआधी जोडावर टेप गुंडाळा, विजा चमकायला लागल्या की वायर काढून ठेवा.