पेडियाट्रिक्सच्या पोस्टिंगला वॉर्डात थांबू की सही करून लायब्ररीत बसू?

तू लिहिलंयस की पुढच्या महिन्यात पेड्सची, म्हणजे बालरोग विभागातली पोस्टिंग लागतेय आणि सीनियर म्हणतात हजेरीची सही कर आणि लायब्ररी गाठ, पोरं नुसती रडतात, हात लावू देत नाहीत. मी पेड्समध्येच एमडी केलं, सरकारी कॉलेजातून, आणि अगदी कळकळीने सांगते, वॉर्डातच थांब.

पोरं रडतात कारण आपण गेल्या गेल्या टॉर्च काढून घसा बघायला जातो. घसा आणि कान सगळ्यात शेवटी. आधी जरा लांबून नुसतं बघ, मग बाळ आईच्या मांडीवर असतानाच श्वास मोज, छाती ऐक, तेही स्टेथोची चकती तळहातावर चोळून गरम करून.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा हं. मी थर्ड इयरला असताना आठ महिन्यांचं एक बाळ खोकल्यासाठी ॲडमिट होतं, आईच्या मांडीवर झोपलेलं, मी पंधरा सेकंद मोजले, बारा आले, गुणिले चार, अठ्ठेचाळीस, म्हणजे नॉर्मल असं सांगून मोकळी झाले. रेसिडेंट मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. पूर्ण मिनिटात छप्पन्न. आणि झबल्याखाली बरगड्यांच्या खालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, तो मला कपड्यावरून दिसलाच नव्हता. मिनिटाला किती श्वास झाले की श्वास जलद म्हणायचा, तर दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे आकडे पाठ सगळ्यांचेच असतात, पण नीट मोजलंच नाही तर त्यांचा काय उपयोग.

दुसरं, हिस्टरी घेताना आईचं बोलणं मध्ये तोडू नकोस. बाळ अंगावर नीट पीत नाही एवढं ऐकून आपण पुढे जातो. थांब आणि विचार की नीट पीत नाही म्हणजे नेमकं काय होतं. एकदा एक आई म्हणाली, दोन घोट घेतं, सोडून देतं, दम खातं, परत ओढतं आणि कपाळाला घाम येतो. अगं तिने हार्ट फेल्युअरच सांगितलं की, फक्त आपल्या भाषेत नाही सांगितलं! त्या बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं.

एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, एक दिवस तरी जा, घड्याळ-अंगठ्या काढून कोपरापर्यंत हात धुवून. सिस्टर कांगारू केअरसाठी बाळ आईच्या छातीशी कसं बांधतात ते बघ, कॉलेजात मिल्क बँक, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध साठवायची सोय, असेल तर तीही बघ (आशियातली पहिली आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये, १९८९ साली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली). कुपोषित मुलांचा वॉर्ड असेल तर दंडाच्या घेराची टेप स्वतःच्या हाताने लाव, ११.५ सेंटीमीटरच्या खालचा, म्हणजे तीव्र कुपोषणातला दंड हातात कसा लागतो ते एकदा कळलं की विसरता येत नाही.

आणि राउंड संपल्यावर लगेच पळू नकोस. पोरं दुपारी झोपतात, श्वास मोजायला तीच वेळ चांगली.